लाचेचे कारण : निरंक

कुठल्याही जिल्हा दैनिकाच्या आतल्या पानावर आठवड्यातून दोन-तीनदा तरी एक बातमी हमखास सापडते. मथळा ठरलेला : ‘अमुक हजारांची लाच घेताना तमुक जाळ्यात’. ही बातमी बहुतेक वेळा वार्ताहराने लिहिलेली नसतेच. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडून, म्हणजे सगळ्यांच्या तोंडच्या ‘एसीबी’कडून, पत्रकारांच्या व्हॉट्सअॅप गटावर एकपानी ‘यशस्वी सापळा अहवाल’ येऊन पडतो. त्यातलं ‘आलोसे’ काढून ‘तलाठी’ घातलं की बातमी तयार. आलोसे म्हणजे आरोपी लोकसेवक. पोलिसी मराठीला लघुरूपांची हौस फार.

या अहवालाचा साचा कित्येक वर्षं तोच आहे. नमुनाच द्यायचा तर, तक्रारदार : पुरुष, वय ४२. नाव नाही, गाव नाही. आलोसेचं मात्र नाव, पद, नेमणुकीचं ठिकाण, सगळं. लाचेची मागणी : दहा हजार, तडजोडीअंती सात हजार. लाच स्वीकारली : सात हजार. हस्तगत रक्कम : सात हजार. लाचेचे कारण : वारसाची फेरफार नोंद सातबाऱ्यावर घेण्यासाठी. मग सापळा अधिकारी, सापळा पथक, मार्गदर्शक, आणि ‘आरोपीचे सक्षम अधिकारी’, म्हणजे ज्यांच्याकडे पुढे खटल्याची परवानगी मागायची ते. सगळ्यात खाली नागरिकांना आवाहन, आणि टोल फ्री क्रमांक १०६४.

मला हे अहवाल वाचायला आवडतात. सरकार आणि माणूस यांचं नातं एवढ्या थोड्या ओळींत दुसरीकडे कुठे मांडलेलं नसेल. कोणाचं काय अडलं होतं, ते कोणी अडवलं, किंमत काय लावली, घासाघीस किती झाली. महिनाभराचे अहवाल ओळीने वाचले तर कुठल्या खात्यात कुठल्या कागदाचा काय भाव चालू आहे याची भावपत्रिकाच हाती येते. पण वाचता वाचता एक गोष्ट खटकायला लागते. सरकारी पैशाची जी मोठी लूट होते, ती या साच्यात बसतच नाही. न चालणारी उपसा योजना, तीनदा खोदलेला तोच रस्ता, खोक्यातून कधी बाहेरच न आलेली यंत्रं. या लुटीला तक्रारदार नसतो, मागणी नसते, तडजोड नसते. ‘लाचेचे कारण’ या रकान्यात काय लिहायचं? निरंक.

हा विभाग मुंबई राज्य असताना १९५७ साली स्थापन झाला. मुख्यालय मुंबईत, वरळीला. राज्यभर आठ परिक्षेत्रं, त्यांच्याखाली जिल्ह्याजिल्ह्यात कार्यालयं. १०६४ हा आकडा मात्र घराघरात पोहोचला तो अलीकडे, साधारण २०१४ पासून. तेव्हा प्रवीण दीक्षित विभागाचे महासंचालक होते. फोन, संकेतस्थळ, मोबाइल अॅप, समाजमाध्यमं अशा सगळ्या वाटांनी त्यांनी तक्रारीला बोलावणं धाडलं आणि त्या एका वर्षात सापळ्यांची संख्या बाराशेवर गेली. पुढे ती उतरत गेली. कोविडच्या २०२० मध्ये सातशेच्याही खाली आली. लाचेची मागणी त्या हिशेबाने कमी झाली असेल असं कुणी म्हणणार नाही. फोन कमी आले, एवढंच खरं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल आला की ‘भ्रष्टाचारात महाराष्ट्र अव्वल’ अशी हेडलाइन येते, कारण भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखालचे सर्वाधिक गुन्हे बरीच वर्षं आपल्याकडे नोंदले गेले. विरोधी पक्ष त्यावर पत्रकार परिषद घेतो. पण हा आकडा मोजतो तो तक्रार करायला धजावलेल्या माणसांना. ज्या राज्यात वर्षाला पाच-दहा गुन्हे नोंदले जातात तिथे रामराज्य आहे असं थोडंच आहे.

आता सापळा कसा लागतो ते पाहू. कारण या यंत्रणेची ताकद आणि मर्यादा, दोन्ही त्यातच आहेत.

१०६४ वर फोन केला की काम संपत नाही, सुरू होतं. तिथून तक्रारदाराला जिल्ह्याच्या कार्यालयाकडे पाठवतात किंवा तिथले अधिकारीच त्याला गाठतात. तक्रार लिहून घेतात. मग पडताळणी. दुसऱ्या कुठल्यातरी सरकारी खात्यातून दोन कर्मचारी पंच म्हणून बोलावलेले असतात. कालपर्यंत ते पाटबंधारे किंवा कृषी खात्यात आपलं टेबल सांभाळत होते. तक्रारदाराच्या खिशात डिजिटल व्हॉइस रेकॉर्डर ठेवून, पंचाला सोबत देऊन त्याला साहेबाकडे पाठवतात. साहेबाने स्वतःच्या तोंडाने पैसे मागितले पाहिजेत. ‘बघा काय ते’ एवढ्यावर भागत नाही. साहेबही आता शहाणे झालेत. काही जण कॅलक्युलेटरवर आकडा दाबून दाखवतात, काही नुसती बोटं वर करतात, आणि बरेच जण समोर येतच नाहीत, बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे किंवा टपरीवाल्याकडे पाठवतात. अहवालात त्याची नोंद ‘खासगी इसम’ अशी होते. तालुक्याच्या कचेऱ्यांभोवती खासगी इसमांची एक अख्खी अर्थव्यवस्था उभी आहे.

मागणी ध्वनिमुद्रित झाली की सापळ्याचा दिवस ठरतो. पैसे सहसा तक्रारदाराचेच. नंतर सरकार ते परत करतं. नोटांचे क्रमांक पंचनाम्यात उतरवून घेतात. मग नोटांना पावडर लावतात. फिनॉल्फ्थॅलिनची पांढरी भुकटी लावली, तर पैसे हाताळणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवल्यावर पाणी गुलाबी होतं. अँथ्रासीन लावलं, तर साध्या डोळ्यांना काही दिसत नाही, अतिनील दिव्याखाली बोटं निळसर चमकतात. दोन्ही पद्धती फार जुन्या, आणि अजून चालतात. पावडर लावणारा कर्मचारी पुढे पैसे घेणाऱ्याच्या अंगाला हात लावत नाही, नाहीतर बचाव पक्षाचा वकील न्यायालयात तोच हात धरतो. तक्रारदाराचे खिसे रिकामे करून नोटा वरच्या खिशात ठेवतात आणि बजावतात : मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत, मधे हात लावायचा नाही, साहेबाशी हस्तांदोलन करायचं नाही. दिले की इशारा करायचा. डोक्यावरून हात फिरवायचा, नाहीतर चष्मा काढून पुसायचा. पंच क्रमांक एक त्याच्या सोबत आत, पंच क्रमांक दोन पथकाबरोबर बाहेर.

इशारा होतो, पथक आत शिरतं, मनगटं धरली जातात, वाडग्यातलं पाणी रंगतं. ते पाणी बाटलीत भरून, सील करून, वर पंचांच्या सह्या घेऊन न्यायसहायक प्रयोगशाळेत जातं. अटकेत अठ्ठेचाळीस तासांहून जास्त काळ गेला की नियमानुसार निलंबन मानीव धरलं जातं. ‘रंगेहाथ’ हा मराठी पत्रकारितेचा लाडका शब्द इथे अक्षरशः खरा असतो.

आणि पुढे? पुढे बरंच काही. खटला चालवायला सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. कायद्याने तिला तीन महिने, फार तर आणखी एक महिना दिला आहे. दोषारोपपत्र, तारखा, बदल्या. साक्षीला उभं राहेपर्यंत तक्रारदाराची फेरफार नोंद होऊन जुनी झालेली असते, त्याच तलाठी कार्यालयात त्याला पुन्हा दहा कामं असतात आणि गावातल्या चार जणांनी ‘कशाला त्याच्या पोटावर मारतोस’ म्हणून समजूत घातलेली असते. तो फितूर होतो. अशा वेळी खटला कोसळायचाच का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेला. १५ डिसेंबर २०२२ रोजी नीरज दत्ता खटल्यात पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की तक्रारदार फितूर झाला किंवा मरण पावला तरी मागणी आणि स्वीकार हे इतर पुराव्यांतून, परिस्थितिजन्य पुराव्यांतूनही सिद्ध करता येतात. निकाल मोलाचा आहे. पण मागणी सिद्ध झाली पाहिजे ही अट त्यानेही हलवली नाही, आणि हलवायचं कारणही नव्हतं. टेबलावर कुणीतरी नोटा ठेवून गेला एवढ्याने कुणी गुन्हेगार ठरू नये.

म्हणजे १०६४ ची सगळी यंत्रणा एका विशिष्ट माणसासाठी बेतलेली आहे. त्याचं काम अडलेलं आहे, त्याच्याकडे कुणीतरी पैसे मागितलेत, आणि तो संतापलेला आहे. हा माणूस असेल तर यंत्रणा सुरेख चालते. एसीबीच्या वार्षिक तक्त्यात तीन रकाने असतात : सापळा, अपसंपदा आणि अन्य भ्रष्टाचार. अपसंपदा म्हणजे उत्पन्नापेक्षा जास्त मालमत्ता. शंभरातले नव्वदहून अधिक गुन्हे पहिल्या रकान्यात असतात आणि त्यात महसूल आणि पोलीस ही दोन खाती आलटून पालटून वर. ‘अन्य भ्रष्टाचार’ या रकान्यात अख्ख्या राज्याचे मिळून वर्षाला मोजकेच गुन्हे. बनावट बिलं, न झालेल्या कामाची मोजमापं, फुगवलेली अंदाजपत्रकं, हे सगळं त्या ‘अन्य’मध्ये कोंबलेलं. ज्याच्यात हजारो कोटी आहेत ते अन्य, आणि ज्याच्यात सात हजार आहेत ते मुख्य.

यात एसीबीचा दोष काढणं सोपं आहे, पण अन्यायाचंही आहे. उधळपट्टीला सापळा लावायचा कुठे? मार्च महिन्यात कुठल्याही सरकारी खात्यात डोकावा. निधी ३१ तारखेला व्यपगत होणार, म्हणून चांगले पेव्हर ब्लॉक उखडून नवे बसतात, खुर्च्या येतात, प्रिंटर येतात, बिलं रात्री उशिरापर्यंत कोषागारात रांग लावतात. सगळ्यांच्या सह्या आहेत, निविदा निघाली आहे, मोजमाप पुस्तिका भरलेली आहे. ठेकेदार आणि साहेब यांच्यात टक्केवारी ठरलेली असेल तर दोघेही खूश. तक्रार करणार कोण? लाचेत एक जण नाडलेला असतो. इथे सगळे हसतमुख असतात आणि नाडली जाते ती जनता, जी त्या खोलीत नसते.

त्या खोलीत असतो तो कनिष्ठ अभियंता, लेखापाल, भांडारपाल. त्याला सगळं माहीत असतं. सर्टिफाइड फ्रॉड एग्झामिनर्सची आंतरराष्ट्रीय संघटना दर दोन वर्षांनी जगभरच्या अफरातफरींचा अभ्यास छापते. तिच्या २०२४ च्या अहवालात ४३ टक्के प्रकरणं कुणीतरी दिलेल्या खबरीवरून उघड झालेली आहेत. लेखापरीक्षण, तपासण्या, संगणकाचे इशारे, सगळे त्याच्या मैलभर मागे. आणि खबर देणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक त्याच संस्थेचे कर्मचारी. तेव्हा प्रश्न असा, की हा आतला माणूस बोलला तर आपल्याकडे काय होतं?

महाराष्ट्रात असा एक माणूस बोलला होता, तोही मुख्य अभियंता. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत सिंचनाचा एक तक्ता होता. एकूण पिकाखालच्या क्षेत्रात सिंचित क्षेत्र २०००-०१ मध्ये १७.८ टक्के होतं, ते २००९-१० मध्ये १७.९ टक्के झालं. दहा वर्षांत एक दशांश टक्का. दशकभरातल्या खर्चाचा सत्तर हजार कोटींचा आकडा त्याच्या शेजारी ठेवला गेला आणि वादळ उठलं. त्याच २०१२ साली नाशिकमधले मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सरकारला सविस्तर पत्रं लिहिली होती. राज्यस्तरीय तांत्रिक सल्लागार समितीवर असल्यामुळे राज्यभरच्या प्रकल्पांचे कागद त्यांच्या नजरेखालून जात. उपसा सिंचन योजना कशा बंद पडल्या आहेत, किमती कशा वाढवल्या गेल्या, बांधकाम कसं निकृष्ट आहे, असं सगळं त्यात होतं. पत्रं फुटली, वर्तमानपत्रांत आली. सप्टेंबरमध्ये उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, डिसेंबरमध्ये ते परतलेही. नोव्हेंबरमध्ये श्वेतपत्रिका निघाली. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमलं गेलं. त्याचा अहवाल २०१४ मध्ये आला. पुढे एसीबीच्या चौकशा सुरू झाल्या, काही गुन्हे नोंदले गेले, काही चौकशा बंद झाल्या. पांढऱ्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली.

या प्रकरणाची राजकीय बाजू चघळून चोथा झाली आहे, ती पुन्हा काढत नाही. मला त्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. पांढरे यांनी कुठलाही क्रमांक फिरवला नाही. त्यांच्या सांगण्यात ‘अमक्याने माझ्याकडे इतके मागितले’ असं काही नव्हतंच. एवढे रुपये गेले आणि पाणी आलं नाही, असं ते म्हणत होते. ते ऐकण्यासाठी राज्यात कोणतंही दार नव्हतं, म्हणून त्यांनी पत्रं लिहिली, स्वतःच्या नावाने, आणि त्यांची ताकद कळली ती पत्रं बाहेर फुटल्यावर. मुख्य अभियंता पदावरच्या, निवृत्तीकडे झुकलेल्या माणसाला हे परवडलं. तीस वर्षांच्या कनिष्ठ अभियंत्याला, घराचे हप्ते चालू असताना, परवडेल?

२०१८ नंतर तर अशा निर्णयांच्या चौकशीची वाट आणखी अरुंद झाली. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात आधी कलम १३(१)(ड) मध्ये एक वाक्य होतं : सार्वजनिक हित नसताना लोकसेवकाने कुणालाही आर्थिक फायदा मिळवून दिला तर तोही गुन्हा. स्वतः पैसे खाल्ल्याचा पुरावा नसला तरी. ते वाक्य जुलै २०१८ मध्ये वगळलं गेलं. त्याचबरोबर कलम १७अ आलं : अधिकाऱ्याने कर्तव्य बजावताना केलेल्या शिफारशीची किंवा घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची तर आधी सरकारची मान्यता घ्या. सापळ्यात जागेवर पकडलेल्याला ही अट नाही; ती लागते ती नेमकी फायलीतल्या निर्णयाला. दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. जुन्या वाक्याच्या धाकाने प्रामाणिक अधिकारी सही करायला कचरत. माजी कोळसा सचिव हरिश्चंद्र गुप्ता यांना २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने दोषी ठरवलं, तेव्हा त्यांच्या सचोटीची ग्वाही द्यायला अनेक सनदी अधिकारी उघडपणे पुढे आले होते. चुकलेला निर्णय आणि विकलेला निर्णय यांत फरक करायलाच हवा. पण तो फरक कळायला आधी फाइल उघडावी लागते, आणि फाइल उघडायची की नाही हे ज्यांच्या फाइली आहेत त्यांनीच ठरवायचं, हा बंदोबस्त माझ्या तरी गळी उतरत नाही.

अमेरिकेत आतल्या माणसाची अशी खबर ऐकण्यासाठी वेगळी चूल मांडली गेली. तिथल्या काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९७९ मध्ये नागरिकांसाठी तक्रारीची फोनलाइन सुरू केली. त्याच्या आदल्या वर्षी महानिरीक्षक कायदा झाला आणि बारा खात्यांत स्वतंत्र महानिरीक्षक आले. या यंत्रणेत ‘फसवणूक’ आणि ‘उधळपट्टी’ हे शब्द पहिल्यापासून जोडीने येतात; तक्रार करायला कुणी लाच मागितलेली असावी लागत नाही. तक्रारदार कर्मचाऱ्याचं नाव त्याच्या संमतीशिवाय उघड करायचं नाही, हेही कायद्यातच आहे. हा शहाणपणा आपोआप आला नव्हता. १९६८ मध्ये अर्नेस्ट फिट्झजेराल्ड या हवाई दलाच्या खर्च-विश्लेषकाने सी-५ए या मालवाहू विमानाचा खर्च दोन अब्ज डॉलरने फुगल्याचं काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं आणि नोकरी गमावली. ती परत मिळवायला त्याला भांडावं लागलं. यादवी युद्धाच्या काळातला, १८६३ चा, एक कायदाही तिथे आहे. सरकारला खोटी बिलं लावणाऱ्यावर कुणीही नागरिक सरकारच्या वतीने दावा लावू शकतो आणि वसुलीचा साधारण १५ ते ३० टक्के वाटा मिळवू शकतो. आपल्याकडे हे ऐकून लोक दचकतात, खबरीला पैसे? पण वसुली झाल्याशिवाय त्याला काही मिळत नाही. अर्थात तिथलंही सगळं पक्कं बांधकाम नाही. जानेवारी २०२५ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी सतराच्या आसपास महानिरीक्षकांना एका फटक्यात घरी पाठवलं.

आपल्याकडे नाव गुप्त ठेवण्याची व्यवस्था आली ती एका मृत्यूनंतर. सत्येंद्र दुबे, आयआयटी कानपूरचा अभियंता, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात सुवर्ण चतुष्कोनाच्या कामावर होता. निकृष्ट काम आणि पोटकंत्राटांचा बाजार याबद्दल त्याने नोव्हेंबर २००२ मध्ये थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं आणि आपलं नाव फुटू नये अशी विनंती केली. पत्र नावानिशी या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गया शहरात त्याला गोळी घातली गेली. सीबीआयच्या तपासात हा लुटीतून झालेला खून ठरला आणि तिघांना शिक्षाही झाली. ते मान्य केलं तरी पत्र फिरलं ही गोष्ट उरतेच. सर्वोच्च न्यायालयाच्या रेट्याने केंद्राने एप्रिल २००४ मध्ये एक ठराव काढला. त्यानुसार तक्रार बंद लिफाफ्यात केंद्रीय दक्षता आयोगाकडे पाठवायची. लिफाफ्यावर ही जनहितार्थ प्रकटीकरणाची तक्रार आहे एवढंच लिहायचं, पाठवणाऱ्याचं नाव नाही. नाव-पत्ता आत, तक्रारीच्या सुरुवातीला, शेवटी किंवा सोबतच्या पत्रात. आयोग तो भाग वेगळा काढून उरलेला मजकूर चौकशीला देतो. निनावी तक्रार चालत नाही. नाव द्यायचं, पण एकाच दारात.

याला कायद्याचं रूप देणारा जागल्या संरक्षण कायदा संसदेने केला, ९ मे २०१४ रोजी राष्ट्रपतींची सहीही झाली. तो अजून अमलात आलेला नाही. राजपत्रात आहे, प्रत्यक्षात नाही.

आणि हा लिफाफाही महाराष्ट्र सरकारच्या नोकराच्या कामाचा नाही, कारण केंद्रीय दक्षता आयोगाच्या कक्षेत केंद्राची खाती, बँका, उपक्रम येतात. राज्याचं सार्वजनिक बांधकाम खातं, जिल्हा परिषद, महापालिका येत नाहीत. रेल्वेतल्या अभियंत्याला जे दार आहे ते त्याच गावातल्या जिल्हा परिषदेच्या अभियंत्याला नाही. त्याने मग काय करावं? मेव्हण्याच्या नावाने माहितीचा अधिकार टाकावा, तर तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी त्याला आठवतात. जमिनींचे व्यवहार माहिती अधिकारातून बाहेर काढणाऱ्या या कार्यकर्त्याचा जानेवारी २०१० मध्ये भररस्त्यात खून झाला. लोकायुक्तांकडे जावं, तर आरोपाबरोबर प्रतिज्ञापत्र लागतं. उरतो निनावी अर्ज. त्यावर ‘निनावी, सबब दफ्तरी दाखल’ असा शेरा पडतो.

केंद्राने २००४ मध्ये संसदेची वाट पाहिली नव्हती. एका कार्यकारी ठरावावर काम सुरू केलं होतं. महाराष्ट्रालाही तेवढं करता येईल. लोकायुक्त कायदा इथे १९७१ मध्येच झाला, आणि लोकायुक्त प्रत्यक्ष नेमणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्यांच्या कार्यालयात लिफाफे घ्यावेत, नाव फाडून कुलपात ठेवणारा एक अधिकारी नेमावा, आणि सरकारी कचेरीतल्या १०६४ च्या पाटीखाली आणखी दोन ओळी रंगवाव्यात : तुमच्याकडे कुणी पैसे मागितले नसले, पण सरकारचे पैसे वाया जाताना तुम्ही पाहिले असतील, तर इथे लिहा. एका शासन निर्णयाचं हे काम आहे. तो काढायला लागणारी सही मंत्रालयातच व्हायची आहे.